पोलिसांच्या दप्तरात आपले नाव



कामगार संघटनेच्या माणसाला वसंत व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे तो महागाई भत्त्यावर किंवा फार तर संपावर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. चालकांनी विषयाची निवड आमच्यावर सोपविली आणि आम्ही पोलिसांच्या दप्तराचा विषय निवडला, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु गेली तीस वर्षे आमचा दिवस कारखान्याच्या फाटकावर आणि संध्याकाळ पोलीस ठाण्याच्या बाकावर गेली आहे. आम्ही वकील नव्हे. आमचे शिक्षण नववीत थांबले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात, कोर्टाच्या व्हरांड्यात आणि कायद्यांच्या सरकारी प्रती उकलून झाले. तेव्हा विद्वत्तेचा आव आम्ही आणणार नाही. पोलिसांना आपल्याविषयी काय काय पाहता येते, ते कोणत्या अधिकाराने पाहता येते, आणि एकदा लिहिलेले नाव पुसले जाते की नाही, एवढ्या तीन प्रश्नांचा आज विचार करू.

प्रथम थोडा इतिहास पाहू, कारण हे दप्तर काही संगणकापासून सुरू झालेले नाही. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाचे इंग्रज अधिकारी होते. त्यांनी रस्त्याच्या सामानाचा ठेका राज्यधर कोनाई नावाच्या एका देशी माणसाला दिला, आणि पुढे त्याने करार नाकारू नये म्हणून कागदावर त्याच्या सबंध पंजाचा ठसा घेतला. पुढे १८७७ मध्ये हुगळी येथे त्यांनी पेन्शनवाल्यांचे, दस्त नोंदविणाऱ्यांचे आणि कैद्यांचे ठसे घेण्यास आरंभ केला. १८९७ साली कलकत्त्यास ठशांचे कार्यालय निघाले. ठशांची वर्गवारी करण्याची पद्धत एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेली. ती बसविण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन देशी फौजदारांचा मोठा वाटा होता. आम्हां कामगारांच्या दृष्टीने यात ध्यानात ठेवण्याजोगे असे की, आरंभीचा तो ठसा चोराचा नव्हता. तो कराराने बांधून घेतलेल्या एका ठेकेदाराचा होता. चोरापर्यंत ती शाई मागाहून पोहोचली.

हीच शाई पुढे दक्षिण आफ्रिकेत गेली. १९०६ साली ट्रान्सवालच्या सरकारने हिंदी माणसांवर ठसे देऊन दाखला बाळगण्याची सक्ती आणली, आणि तेथे सत्याग्रहाचा जन्म झाला. १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गमध्ये मशिदीच्या पटांगणात दोन हजारांहून अधिक दाखले जाळण्यात आले. पण त्याच वर्षाच्या आरंभी, तडजोड होत असताना, खुद्द गांधीजी आपखुशीने ठसे देण्यास तयार झाले होते. म्हणजे त्यांचे भांडण शाईशी नव्हते. एका जमातीला वेगळी काढून तिच्यावर केलेल्या सक्तीशी होते.

इकडे आपल्या देशात तर एक सबंध जमातच दप्तरात घालण्याचा कायदा झाला होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांची नावे नोंदली गेली, त्यांना हजेरी लावावी लागे आणि परवानगीवाचून गाव सोडता येत नसे. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाची सेटलमेंटच होती. मूल जन्मास आले की गुन्हेगार ठरले! ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. परंतु सराईत गुन्हेगारांचे कायदे त्याच्या जागी आले, आणि पारध्याच्या पालावर चोरीच्या चौकशीला आधी जाण्याची सवय गेली नाही. कायदा रद्द करणे सोपे असते, रजिस्टर रद्द करणे कठीण, हा धडा यातून घ्यावयाचा.

आता आजचे दप्तर उघडून पाहू. आमच्या समजुतीप्रमाणे त्याचे तीन भाग पडतात.

पहिला भाग पोलिसांचे स्वतःचे. पूर्वी प्रथम खबर, अटक, आरोपपत्र हे सारे त्या त्या ठाण्याच्या वह्यांत असे. जळगावची वही नागपुरात कोणी वाचत नसे. २००९ साली केंद्र सरकारने सर्व ठाणी एकमेकांस जोडण्याची योजना मंजूर केली. तिचे लांबलचक इंग्रजी नाव आहे. ठाण्यात तिला सीसीटीएनएस म्हणतात. आज देशातील बहुतेक सर्व ठाणी तिच्यात आहेत. फिर्यादीचे नाव, आरोपीचे नाव, पत्ता, अटकेची तारीख, आरोपपत्र हे त्यात येते. ध्यानात घ्या, फिर्याद देणाराचेही नाव त्यात असते. दप्तर काही केवळ आरोपीचे नव्हे. पुढे न्यायालये, तुरुंग, सरकारी वकील आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळा यांची दप्तरेही तिला जोडण्याचे काम हाती घेण्यात आले. २०२२ साली ठशांचे राष्ट्रीय दप्तर सुरू झाले. त्यात अटक झालेल्या माणसाला दहा अंकी क्रमांक मिळतो, आणि तो जन्मभर त्याचाच राहतो.

याच वर्षी ४ ऑगस्टपासून नवा ओळख कायदा अमलात आला. त्यापूर्वीचा कायदा १९२० चा. इंग्रजांचा असूनही तो म्हणे की, एक वर्ष किंवा त्याहून अधिक सक्तमजुरीच्या गुन्ह्यात अटक झाली तरच ठसे घ्या. नव्या कायद्याने ती मर्यादा काढली. कोणत्याही गुन्ह्यात अटक झाली तरी बोटांचे, तळव्यांचे, पावलांचे ठसे, छायाचित्र, डोळ्याच्या बुबुळाची प्रतिमा, सही आणि हस्ताक्षर घेता येते. रक्तासारखे नमुने देण्यास मात्र सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात नकार देण्याची मोकळीक आहे. गुन्हा स्त्री किंवा बालक यांच्याविरुद्धचा असेल तर ती मोकळीक नाही. हे सारे पंचाहत्तर वर्षे जपून ठेवण्याची तरतूद आहे. पंचविसाव्या वर्षी मोर्चात धरलेल्या तरुणाचा ठसा त्याच्या शंभराव्या वर्षापर्यंत!

येथे मोर्चेकऱ्यांनी एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी. या कायद्याखालील २०२२ च्या नियमांत असे आहे की, फौजदारी संहितेच्या कलम १४४ खालील मनाई हुकूम मोडला, किंवा कलम १५१ खाली प्रतिबंधक अटक झाली, एवढ्याच कारणासाठी मापे घेऊ नयेत. दुसऱ्या एखाद्या कायद्याखाली गुन्हा असेल तर गोष्ट वेगळी. जुलै २०२४ पासून नव्या संहितेत या कलमांचे आकडे बदलले, ती आज १६३ आणि १७० झाली आहेत. परंतु आपल्याकडे मोर्चावर बहुधा मुंबई पोलीस अधिनियम, म्हणजे आजचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, त्याच्या कलम ३७ चा मनाई हुकूम असतो, आणि गुन्हा लागतो तो १३५ खाली. नियमात या कलमांचा उल्लेख नाही. म्हणजे एका हाताने दिलेली सवलत दुसऱ्या कायद्याच्या दाराने निघून जाण्याचा संभव आहे. हे नियमात स्पष्ट लिहावे, अशी मागणी सर्व संघटनांनी एकमुखाने केली पाहिजे.

दुसरा भाग सरकारच्या इतर खात्यांच्या दप्तरांचा. रस्त्यावरील हवालदाराने आपल्या गाडीचा क्रमांक यंत्रात घातला की मालकाचे नाव, विम्याची मुदत, राहिलेला दंड त्याला दिसतो. यात गैर काही नाही. गाडी रस्त्यावर आणावयाची तर तिची नोंद हवीच. मुंबईवरील नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर प्रवास, बँका, कर, दूरध्वनी अशी अनेक दप्तरे एका जागेवरून तपास यंत्रणांना पाहता यावीत, अशी नॅटग्रिड नावाची व्यवस्था उभी करण्याचे ठरले. आधारचे मात्र निराळे आहे. अनेकांचा असा समज असतो की, बोट ठेवले की फौजदारापुढे आपली सगळी कुंडली उघडते. तसे नाही. गोव्यातील एका भीषण गुन्ह्याच्या तपासात आधारकडील ठसे मिळावेत, असा प्रयत्न झाला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २४ मार्च २०१४ रोजी न्यायालयाने सांगितले की, त्या माणसाच्या लेखी संमतीवाचून ठसे कोणत्याही यंत्रणेला देऊ नयेत. आजच्या आधार कायद्याप्रमाणे नाव, पत्ता यांसारखी माहितीसुद्धा उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाच्या हुकुमावाचून पोलिसांना मिळत नाही, आणि ठसे व बुबुळे तर त्या हुकुमानेही नाहीत. राष्ट्रीय सुरक्षेचा अपवाद तेवढा वेगळा ठेवला आहे.

तिसरा भाग खाजगी कंपन्यांकडे असलेल्या माहितीचा, जी पोलीस मागवू शकतात. आपण कोणाला, केव्हा, किती वेळ फोन केला आणि कोणत्या मनोऱ्याजवळून केला, याची नोंद दूरध्वनी कंपनीला किमान दोन वर्षे ठेवावी लागते. ती नोंद मागविण्यास न्यायाधीशाची आज्ञा लागत नाही. पोलीस अधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचे पत्र पुरते. बोलणे ऐकावयाचे असेल तर मात्र गृहसचिवाचा हुकूम आणि त्यावर पुनर्विलोकन समिती हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच घालून दिले आहे. सामान्य माणसाला बोलणे चोरून ऐकण्याचे भय वाटते. परंतु संपाच्या तयारीत असलेल्या कार्यकर्त्याची केवळ फोनांची यादी पाहिली तरी कोणाच्या घरी बैठक झाली आणि कोण कोण तेथे होते, हे शहाण्या माणसाला सहज कळते.

यावर काही सज्जन विचारतात, ज्याने काही केले नाही त्याने भ्यावे कशाला? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर उदाहरणाने देतो.

आमच्या संघटनेत एक सभासद आहेत. २००६ साली पगारवाढीच्या मोर्चात इतरांबरोबर त्यांना अटक झाली. २०११ साली सर्वजण निर्दोष सुटले. पेढे वाटले गेले, निकालाची प्रत वकिलांच्या कपाटात गेली आणि गोष्ट विसरली गेली. २०२३ साली त्यांची गिरणी बंद पडली. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला कोण काम देणार? एका कंत्राटदाराकडे रखवालदाराची जागा होती. रखवालदाराची चारित्र्य पडताळणी कायद्यानेच आवश्यक आहे. अहवाल आला: गुन्हा नोंद आहे. पुढे निकालाचा रकाना होता, तो कोरा! कंत्राटदाराने कागद पाहिला आणि गृहस्थांना परत पाठविले. आम्ही कोर्टातून निकालाची नक्कल काढली, ठाण्यात दिली, चार महिने खेटे घातले. दुरुस्ती झाली. तोवर त्या जागेवर दुसरा माणूस रुजू झालेला होता. सांगा, या गृहस्थांनी काय केले होते? काहीच केले नव्हते, असा न्यायालयाचा निकालच आहे.

यात ठाण्यातील हवालदाराला शिव्या देऊन भागणार नाही. त्याच्याकडे बंदोबस्त आहे, समन्स आहेत, रात्रपाळी आहे. बारा वर्षांपूर्वीच्या सुटकेची नोंद करण्यासाठी त्याला कोणी विचारीत नाही. गुन्हा नोंदला नाही तर त्याला जाब द्यावा लागतो, निकाल नोंदला नाही तर नाही. नाव आत नेण्यास माणूस नेमला आहे, बाहेर काढण्यास कोणी नेमलेला नाही.

आणखी एक कारण आहे. दप्तर ज्याच्या हाती, त्याचा मोह. २०१३ साली राज्यसभेतील तत्कालीन विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांच्याच फोनांची यादी बेकायदा मागविल्याचे उघडकीस आले आणि दिल्ली पोलिसांतील एका शिपायाला अटक झाली. त्यानंतरच अधीक्षकाच्या दर्जाचे बंधन कडक झाले. २०१८ साली ठाणे पोलिसांनी अशा याद्या विकत घेऊन पुरविल्याच्या आरोपावरून खाजगी गुप्तहेरांना अटक केली. एवढ्या मोठ्या नेत्याची ही गत, तर ज्याच्या मालकाला त्याच्या बैठकांचा पत्ता हवा आहे, त्या कामगाराने कोणाच्या भरवशावर राहावे?

एवढे ऐकून कोणी म्हणेल, मग पोलिसांनी दप्तरच ठेवू नये काय? असे आम्ही म्हणत नाही. हरवलेले मूल परजिल्ह्यात सापडते, चोरीची मोटारसायकल ओळखू येते, नाव बदलून फिरणारा खुनी ठशावरून धरला जातो, ते या दप्तरामुळेच. आमच्या वस्तीतील बायकांनाही चोर पकडला गेलेला हवा असतो. दप्तर हवे, परंतु तिजोरीला जसे कुलूप आणि हिशेबाची वही दोन्ही लागतात, तसे यालाही लागते.

या कुलपासाठी फार जुने भांडण चालू आहे. उत्तर प्रदेशातील खरक सिंग या माणसाला १९४१ साली दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सोडण्यात आले. तरी पोलिसांनी त्याचे नाव पाळतीच्या यादीत घातले. रात्री-बेरात्री दार ठोठावून तो घरी आहे की नाही हे पाहत. त्याने थेट सर्वोच्च न्यायालय गाठले. १९६२ साली न्यायालयाने रात्रीच्या भेटी बंद केल्या. पण खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे बहुमताने मान्य केले नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी आपले वेगळे मत लिहून ठेवले. तब्बल पंचावन्न वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, नऊ न्यायाधीशांनी एकमताने तो हक्क मान्य केला. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिस्ट्री शीटविषयी सांगितले की, ती पोलिसांची अंतर्गत वही आहे, चावडीवर लावण्याचा कागद नव्हे. तीत घरच्या अज्ञान मुलांची ओळख येऊ नये आणि मागास वा भटक्या जमातींतील माणसे यांत्रिकपणे घातली जाऊ नयेत. त्याच वर्षी ऑक्टोबरात तुरुंगाच्या रजिस्टरांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा हुकूम झाला. रजिस्टरातला एक रकाना काढण्यास स्वातंत्र्यानंतर सत्याहत्तर वर्षे लागली!

मात्र हक्क मान्य झाला म्हणजे तो हातात आला असे नव्हे. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला, पण गुन्ह्याचा प्रतिबंध आणि तपास यांसाठी चाललेल्या कामाला त्यातील बहुतेक बंधनांतून सूट आहे, आणि सरकार अधिसूचना काढून आपल्या यंत्रणांना सबंध कायद्यातूनच वगळू शकते. दुकानदाराने आपला फोन क्रमांक विकला तर त्याला दंड आहे. पण ठाण्याच्या दप्तरातील चुकीबद्दल त्या कायद्याचा आधार घेऊ गेल्यास वाट बरीचशी बंद आहे.

म्हणून आपल्या हाती काय आहे, ते सांगतो. खटल्यातून सुटका झाली की त्याच आठवड्यात निकालाची प्रमाणित नक्कल काढावी आणि एक प्रत ठाण्यात देऊन पोच घ्यावी. प्रकरण कोर्टात न जाता समरीवर मिटले असेल, तर ती ए, बी की सी समरी आहे हे पाहून मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाची नक्कल ठेवावी. नवा ओळख कायदाही म्हणतो की, पूर्वी शिक्षा झालेली नसलेला माणूस खटल्यावाचून सुटला, दोषमुक्त झाला किंवा सर्व अपिले संपून निर्दोष ठरला, तर त्याची मापे नष्ट केली पाहिजेत. न्यायालयाने कारणे लिहून उलट हुकूम दिला तरच ती राहतील. त्यासाठी राज्याने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे अर्ज जावा लागतो. आपण मागितल्यावाचून हे होईल, या भ्रमात राहू नये.

नोकरीच्या अर्जात खटल्याविषयी विचारले तर खरे लिहावे. २०१६ साली अवतार सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचे नियम घालून दिले. माहिती दडविणे वाईट; पण बाब क्षुल्लक असेल तर मालकाने तिच्याकडे दुर्लक्ष करावे, अशी मोकळीक आहे. क्षुल्लक म्हणजे काय, याचे उदाहरण देताना न्यायालयाने तरुण वयात घोषणा देण्याचेच उदाहरण दिले आहे. आमच्या सभासदांनी हा निकाल खिशात ठेवावा. त्यांच्यापैकी ज्याने तरुणपणी घोषणा दिल्या नाहीत असा विरळाच!

आणि नगराने म्हणून तीन मागण्या कराव्यात. निकालाचा रकाना कोरा असलेला कोणताही अहवाल मालकाच्या हाती जाऊ नये. कोणी कोणाचे नाव केव्हा आणि कशासाठी पाहिले, याची नोंद दप्तरातच राहावी आणि बाहेरच्या अधिकाऱ्याने ती तपासावी. आणि आपल्याविषयी तेथे काय लिहिले आहे हे तपास संपल्यावर प्रत्येक नागरिकाला पाहता यावे, चूक असेल तर ठरावीक मुदतीत दुरुस्त व्हावी. यांपैकी एकही मागणी चोराच्या फायद्याची नाही.

मघा सांगितलेले आमचे सभासद आज एका शाळेत रात्रीची राखण करतात. आपल्या निकालाची नक्कल त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर ठेवली आहे. निर्दोष माणसाला आपण निर्दोष असल्याचा कागद जन्मभर सांभाळावा लागू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.